उपऱ्याचे आजारपण

रत्नागिरीचा हापूस देशोदेशी जातो, आणि ज्या पेटीतून तो जातो तिच्यावर बागायतदाराचे नाव असते. मोहोरापासून उतरणीपर्यंत त्या आंब्याची राखण करणाऱ्या मनुष्याचे नाव पेटीवर नसते. हे व्यवहारास धरूनच आहे व त्याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु तो मनुष्य मोठ्या दुखण्याने अंथरुणास खिळला असता त्याचे नाव सरकारच्या कोणत्याच यादीत सापडू नये, ही गोष्ट मात्र विचार करण्याजोगी आहे. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरच्या बागा आहेत, काहींच्या नौकाही आहेत. यास्तव हा विषय शाळेच्या वार्षिकात मांडणे अस्थानी होणार नाही असे आम्हांस वाटते.

पावसाळा सरला म्हणजे नेपाळातून माणसे आपल्या जिल्ह्यात येऊ लागतात. आपण त्यांस सरसकट गुरखे म्हणतो. वस्तुतः त्यांत नाना जातीजमातींचे लोक असतात, आणि ज्यांच्या घराण्याचा लष्करी पलटणींशी कधीही संबंध आला नाही असेही पुष्कळ असतात. कोणी एकटा येतो, कोणी बायकामुलांसह येतो. बागेतच खोपटे बांधून ही मंडळी राहतात, दिवसा वानर हाकलतात, रात्री चोरांवर नजर ठेवतात, फवारणीस व आंबा उतरविण्यास हात लावतात, आणि मिरगाच्या सुमारास परत फिरतात. मिरकरवाड्याच्या बंदरात गेले तर तेथील खलाशांतही नेपाळी बोली कानी पडते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेवढे दिवस ती फारशी ऐकू येत नाही. चिरेखाणींवर कर्नाटकातील कुटुंबे आहेत. रस्त्यांच्या व इमारतींच्या कामांवर उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, ओडिशा या प्रांतांतील मजूर आहेत. आपले तरुण मुंबईस गेले. त्यांच्या मागे जे काम उरले ते आज हे लोक करीत आहेत.

आपल्या जुन्या गावगाड्यात मिरासदार आणि उपरी असा भेद असे. मिरासदाराचा जमिनीवर वंशपरंपरेचा हक्क. उपरी हा बाहेरून येऊन जमीन कसणारा, त्यास तसा हक्क नसे. तथापि पडीक जमीन लागवडीस आणावयाची झाली म्हणजे सरकार उपऱ्याला कौल देऊन, सारा हलका करून बोलावून आणी. गरज असेतोवर मनुष्य हवा, एवढा पोक्तपणा त्या काळच्या कारभारातही होता. आजच्या आरोग्याच्या व रोख मदतीच्या योजना पाहिल्या तर तोच भेद नव्या कागदांवर उमटलेला दिसतो. फरक इतकाच की, कौल देणारा कोणी उरला नाही.

जे चांगले आहे ते आधी सांगितले पाहिजे. महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. सरकारी रुग्णालयात प्रसूत होणाऱ्या स्त्रीस २०११ पासून औषधे, आहार, शस्त्रक्रिया व नेण्याआणण्याचे वाहन यांसाठी काही द्यावे लागत नाही. मुलांस लस टोचताना परिचारिका बापाचा गाव विचारीत असेल तो वहीत लिहिण्यापुरताच. शिक्षणाच्या हक्काचा २००९ चा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या बालकाविषयी बोलतो. ते कोणत्या देशाचे, असा प्रश्न त्या व्याख्येत नाही. म्हणूनच आजूबाजूच्या सरकारी शाळांत नेपाळी राखणदाराची मुले मराठी बाराखडी गिरविताना दिसतात. ताप, हगवण, जखम, बाळंतपण, लस आणि शाळा, इतक्या गोष्टींपुरता उपरी मनुष्य आपल्याकडे परका राहिलेला नाही, आणि ही आपल्या राज्यास भूषणावह गोष्ट आहे.

खरी अडचण मोठ्या आजारात उभी राहते. हृदयाची शस्त्रक्रिया, कर्करोग, मूत्रपिंडाचा विकार, मस्तकास झालेली इजा यांचा खर्च गरिबास पेलत नाही, म्हणून महाराष्ट्राने २०१२ साली प्रथम आठ जिल्ह्यांत व २०१३ साली सर्व राज्यात एक योजना सुरू केली. तिलाच पुढे महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. आरंभी ती पिवळ्या व केशरी शिधापत्रिकांपुरती होती व कुटुंबास वर्षाला दीड लाखाचे संरक्षण देई. २०२३ च्या निर्णयाने ती सर्वांस खुली झाली व मर्यादा ५ लाखांवर गेली. परंतु 'सर्वांस' या शब्दाचा अर्थ येथे जपून घ्यावा लागतो. ज्याच्याजवळ महाराष्ट्राची शिधापत्रिका किंवा अधिवासाचा दाखला आहे तो सर्वांत येतो. दुसरी योजना केंद्राची, आयुष्मान भारत, सप्टेंबर २०१८ पासून चालू असलेली. तिचे संरक्षणही ५ लाखांचे. आणि तिचा मोठा गुण असा की, यादीत नाव असलेला झारखंडचा मजूर रत्नागिरीत आजारी पडला तरी योजनेस जोडलेल्या रुग्णालयात त्याचा हक्क चालतो.

आता या दोन चाळण्यांतून आपले उपरी लोक कसे गळतात ते पाहावे. बीडचा वा नंदुरबारचा मजूर पहिल्या चाळणीवर थांबतो, त्याचे भागते. झारखंडचा मजूर दुसरीवर थांबू शकतो. मात्र त्याचे कुटुंब यादीत असले पाहिजे, कार्ड काढलेले असले पाहिजे, आणि ते गावी पेटीत राहून गेलेले नसावे. नेपाळचा राखणदार दोन्हींतून खाली जातो. त्याच्या देशानेही २०१६ साली कैलाली जिल्ह्यापासून आरोग्यविम्यास आरंभ केला आहे, परंतु त्याचा उपयोग तिकडच्या रुग्णालयांत. वर्षातील सातआठ महिने जो मनुष्य कोकणात काढतो त्यास त्या विम्याचे छत्र म्हणजे गावी ठेवून आलेली छत्रीच होय.

यातली विसंगती एका उदाहरणाने स्पष्ट होईल. मोटारीच्या अपघातात सापडलेल्यांसाठी केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये एक योजना जाहीर केली. कोणत्याही रस्त्यावर मोटारवाहनामुळे जखमी झालेल्या कोणत्याही व्यक्तीस अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख पैसे न भरता मिळावे, अशी तिची तरतूद आहे. 'कोणत्याही व्यक्तीस' हे शब्द आम्ही मुद्दाम लिहिले. आता समजा, एक राखणदार बाजारास निघाला असता महामार्गावर ट्रकने त्यास उडविले. त्याच दिवशी त्याचा भाऊ बागेत आंबा उतरविताना फांदी मोडून खाली आला. दोघांचीही मांडी मोडली. पहिल्यास कायद्याने विचारले, तुला कोठे लागले? दुसऱ्यास योजनेने विचारले, तू कोठला? पहिल्या प्रश्नाचे उत्तर रस्त्यावरचा कोणीही साक्षीदार देऊ शकतो. दुसऱ्याचे उत्तर देण्यास जो कागद लागतो तो त्या भावाजवळ असणे शक्यच नाही. आंब्याच्या झाडावरून पडणे हा आपल्या जिल्ह्यातील धंद्याचाच धोका आहे, आणि मालकाच्या आंब्यासाठीच तो झाडावर चढला होता.

कोणी म्हणेल की, राज्याची तिजोरी राज्यातील लोकांची. तिच्यातून परक्यास का द्यावे? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पैसा थोडा व गरजू फार, अशा ठिकाणी कोठे तरी रेघ ओढावीच लागते. परंतु तिजोरी भरते कशाने, हेही पाहावे. राखणदार साबण घेतो, चप्पल घेतो, मोबाइलचे पैसे भरतो; त्या प्रत्येकावरचा कर तो मिरासदाराइतकाच देतो. त्याच्या श्रमाने जो आंबा व जी मासळी बाजारात जाते तिच्यावर आपल्या जिल्ह्याचे पोट चालते. दुसरा आक्षेप असा की, सवलत दिली तर लोक सवलतीसाठीच लोटतील. रत्नागिरीच्या रुग्णालयाच्या ओढीने कोणी कैलालीहून दोन दिवसांचा प्रवास करून येईल, हे आम्हांस तरी पटत नाही. तो मजुरीसाठी येतो. आणि क्षयाचा रोगी खर्चाच्या भीतीने खोपटात खोकत पडला, तर त्या खोकल्यास बागेचे कुंपण अडवीत नाही. यात परोपकाराचा भाग थोडा व स्वहिताचा बराच आहे.

शिवाय आपण कोण? शंभर वर्षांहून अधिक काळ मुंबईच्या गिरण्यांत ज्यांनी साचे चालविले त्यांत रत्नागिरी जिल्ह्याचा भरणा मोठा होता. गिरणगावाच्या चाळीत दहाबारा जणांनी मिळून एका खोलीत बिऱ्हाड केले, व गावी मनिऑर्डरी धाडल्या. १९२६ साली परळास केईएम रुग्णालय उघडले. त्याच्या खाटांवर कोकणातील किती पिढ्या बऱ्या होऊन उठल्या याची गणती कोण करणार? त्यांस जर तेथे कोणी म्हटले असते की, बाबा, तू संगमेश्वरचा, तुझे औषध संगमेश्वरास, तर आज आपल्यापैकी कित्येकांचे आजोबा कोणी पाहिलेच नसते. आजही आपल्या जिल्ह्यातील पुष्कळ घरांचा चरितार्थ कुवेत, ओमान, कतार, सौदी अरेबिया येथून येणाऱ्या पैशावर चालतो. सौदी अरेबियाने १९९९ साली कायदा करून खासगी नोकरीतील परदेशी कामगाराचा आरोग्यविमा उतरविण्याचा भार मालकावर टाकला. आपल्या मुलाला परमुलखात जे मिळावे असे आपण इच्छितो, ते आपल्या बागेत दुसऱ्याच्या मुलास मिळू नये असे म्हणण्यास मोठेच धैर्य लागेल.

प्रसंगोपात्त एक जुनी गोष्ट आठवते. ब्रह्मदेशाचा थिबा राजा १८८६ साली रत्नागिरीस आणला गेला व १९१६ साली येथेच वारला. तीस वर्षे त्याच्या कुटुंबाचा व परिवाराचा खर्च सरकारातून झाला, आणि त्याच्याजवळ अधिवासाचा दाखला नव्हता! तो बंदिवान होता, त्याचे राज्य हिरावून घेतलेले होते, त्यामुळे ही तुलना ताणण्यात अर्थ नाही. पण परक्या कुटुंबाचा खर्च सरकारने उचललेला रत्नागिरीने कधी पाहिलाच नाही, असे मात्र कोणी म्हणू नये.

नेपाळच्या बाबतीत तर आपल्या सरकारने हे तत्त्व अंशतः मान्यच केले आहे. दोन्ही देशांत ३१ जुलै १९५० रोजी झालेल्या तहाने एकमेकांच्या प्रजाजनांस राहण्याची, मालमत्ता बाळगण्याची, व्यापारउदीम करण्याची मोकळीक आहे. आजारपणाचा उल्लेख त्यात नाही. परंतु भारतीय सैन्यात नोकरी करून परतलेल्या नेपाळी शिपायास भारताच्या तिजोरीतून निवृत्तिवेतन मिळते, आणि माजी सैनिकांच्या आरोग्ययोजनेचे दवाखाने काठमांडू, पोखरा व धरण येथे आहेत. एकाच घरातील दोघे भाऊ घ्या. एकाने हिंदुस्थानची सीमा राखली, त्यास नेपाळात बसून भारताचे औषध मिळते. दुसऱ्याने हिंदुस्थानचा आंबा राखला, त्यास भारतात राहूनही मोठ्या आजारात योजनेचे औषध मिळत नाही. सीमेची व आंब्याची किंमत सारखी नाही हे आम्ही जाणतो. पण दोन्ही रात्री जागूनच राखाव्या लागतात.

उपाय फार दूरचा नाही. १९४८ च्या कायद्याने आलेला कामगार राज्य विमा पाहावा. त्यात कामगार कोठला हे विचारीत नाहीत. तो कोठे काम करतो हे विचारतात. २०१९ पासून मालकाने वेतनाच्या सव्वातीन टक्के व कामगाराने पाऊण टक्का भरावा, म्हणजे कुटुंबासह उपचार आणि आजारपणातील दिवसांचा काही भत्ता मिळतो. ही व्यवस्था कारखाने व इतर आस्थापनांसाठी आहे. बागेतल्या खोपटापर्यंत व नौकेच्या फळीपर्यंत ती पोहोचलेली नाही. हंगामी कामांसाठी अशीच एखादी वर्गणी ठरवावी, ग्रामपंचायतीने हंगामी मुक्कामाची नोंद करावी, आणि त्या नोंदीवर फुले योजनेचे दार उघडावे, असे आमचे मत आहे. आधारच्या कायद्याने मागील बारा महिन्यांत १८२ दिवस येथे राहिलेला मनुष्य रहिवासी ठरतो. तेच माप आजारपणास लावले तर नवी मोजपट्टी शोधण्याचे श्रम वाचतील. बागायतदार म्हणतील, खते महाग, औषधे महाग, त्यात हे आणखी. त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण राखणीच्या पगारावर सव्वातीन टक्के म्हणजे मोसमाच्या पहिल्या काही पेट्यांचा भाव. अवकाळी पावसाच्या एका सरीने याहून अधिक जाते.

रोख मदतीचा प्रश्न आम्ही आजारपणापासून निराळा ठेवतो. घरात बसलेल्या मनुष्यास पैसे देताना राज्याने वास्तव्याची काही अट घालावी, यात आम्हांस अन्याय दिसत नाही. ताप जसा थांबत नाही तसा भत्ता थांबू शकत नाही, असे नाही. प्रश्न अटीच्या लांबीचा आहे. जून २०२४ मध्ये जाहीर झालेली 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना स्त्रियांस दरमहा १५०० रुपये देते. अधिवासाचा दाखला नसेल तर पंधरा वर्षांपूर्वीची शिधापत्रिका, पंधरा वर्षांपूर्वीचे मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्माचा दाखला, यांपैकी एक आणावा असे तिच्या नियमात आहे. परराज्यात जन्मलेल्या स्त्रीने महाराष्ट्रातील पुरुषाशी विवाह केला असेल तर पतीचे कागद चालतात. म्हणजे विजापूरकडची एखादी स्त्री बारा वर्षे रत्नागिरीच्या चिरेखाणीत दगड वाहते, तिला काही नाही. आणि गतवर्षी लग्न होऊन आलेलीस आहे. दुसरीला मिळू नये असे आम्ही म्हणत नाही. पहिलीने या मातीत बारा वर्षे घाम गाळला, त्याची नोंद कोठल्याच रकान्यात होत नाही, एवढेच म्हणतो.

अमेरिकेत १९९६ च्या कायद्याने परदेशातून रीतसर येऊन स्थायिक झालेल्यांस केंद्राच्या बहुतेक मदतीसाठी पाच वर्षे थांबविले. त्यात आपली मराठी कुटुंबेही आली. त्याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली, एका राज्यातून दुसऱ्यात आलेल्या गरीब नागरिकास रोख मदतीसाठी वर्षभर तिष्ठत ठेवणे हे घटनेविरुद्ध ठरविले होते. तेथे परदेशीयास पाच वर्षे, स्वदेशीयास वर्षसुद्धा नाही. येथे स्वदेशी बहिणीस पंधरा. पवित्र शास्त्रातील रूथची कथा आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. ती मवाबी, विधवा, नुकतीच बेथलेहेमास आलेली. शेताच्या कडा न कापता ठेवाव्या व सरवा गरिबांसाठी आणि उपऱ्यांसाठी सोडावा, असा त्या लोकांचा नियमच होता, म्हणून ती त्याच हंगामात शेतात उतरू शकली. मराठी शास्त्रातला 'उपरी' हा शब्द आणि आपल्या गावगाड्यातला उपरी एकच आहेत.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर जे करता येईल ते पालकांच्या हातचे आहे. ज्यांच्या बागेत परप्रांतीय कुटुंब आहे त्यांनी मोसमाच्या आरंभीच त्याचे आयुष्मान कार्ड निघाले आहे की नाही हे विचारावे, व नसल्यास गावाकडून कागद मागवावेत. शिधापत्रिका गावची असली तरी तिच्यावरचे धान्य आता येथील दुकानात मिळू शकते. २०१९ साली महाराष्ट्र व गुजरात यांच्यात हा प्रयोग सुरू झाला आणि २०२२ पर्यंत सर्व राज्ये त्यात आली, पण खाणीवरच्या कितीएकांस हे कोणी सांगितलेलेच नसते. गरोदर स्त्रीचे नाव अंगणवाडीत व आरोग्यकेंद्रात घालावे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असणाऱ्यास थुंकीच्या तपासणीस स्वतः घेऊन जावे. नेपाळी राखणदाराच्या हाती आपल्या सहीचे एक पत्र द्यावे: हा अमुक, माझ्या अमुक बागेत अमुक तारखेपासून कामास आहे, घरी माणसे इतकी, प्रसंगी मला कळवावे. त्या पत्राने योजनेचे दार उघडणार नाही, परंतु रात्री दोन वाजता रुग्णालयात गेलेल्या मनुष्यामागे कोणी आहे एवढे तरी तेथील लोकांस कळेल. आमचे विद्यार्थी हे पत्र सुवाच्य अक्षरात लिहून देऊ शकतील. ज्या बागेत चार माणसे राबतात तिच्यासाठी एक संध्याकाळ पुरेल.